काचेच्या कपाटातला पाय

आमच्या बैठकीच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. वरच्या खणात माझ्या सासऱ्यांची फौजेतली पदकं. मधल्या खणात माझ्या नवऱ्याला चौथीत वक्तृत्व स्पर्धेत मिळालेला कप. आणि खालच्या खणात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बरोबर नजरेत येईल असा, सासऱ्यांचा पाय. डावा, गुडघ्याखालचा, नवाकोरा. रबरी पंजा, मध्ये नळी, आणि वर उरलेला पाय आत बसवायची वाटी. त्यावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी काढली नव्हती. गुढीपाडव्याला सासूबाईंनी गुढीबरोबर त्यालाही साखरेची गाठी घातली. मधुमेहानं गेलेल्या पायाच्या जागी आलेला पाय, आणि त्याला साखरेची गाठी!

कपाटासमोर कॉट. कॉटवर सासरे. त्यांना कुठं जायचं असलं की हाक यायची, "राजे!" राजे म्हणजे मी, राजेश्वरी, वडूजच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी बाई. शिकवत होते असं म्हणा. दिवाळीपासून मी बिनपगारी रजेवर, सासऱ्यांच्या डाव्या काखेत. परसातल्या संडासापर्यंत नेणं, न्हाणीत बसवणं, कॉटवर आणून टेकवणं, हे सगळं माझ्याकडं. घरात एक पाय कपाटात होता आणि दुसरा मी. कपाटातल्या पायाला निदान हळदकुंकू तरी मिळायचं.

शाळेनं मला जूनपर्यंत मुदत दिली होती. जूनमध्ये हजर झाले नाही तर माझ्या जागी दुसरं माणूस येणार, हे मोठ्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं. म्हणजे हिशेब सरळ होता. सासरे जूनच्या आत स्वतःच्या पायानं चालायला लागले तर माझी नोकरी राहणार. नाहीतर आठवीच्या पोरांना हाडांचा सापळा दुसरंच कुणीतरी शिकवणार आणि मी जन्मभर एका जिवंत सापळ्याची काठी होणार.

आता सासरे कोण, ते सांगते. सुभेदार नाथाजी. वडूजच्या जवळ आमचं गाव, तिथं त्यांना सगळे आबा म्हणतात. मी मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला तसंच म्हणतात. मिशी अशी, की माशी बसायची असली तर परवानगी काढून बसेल. फौजेत त्यांची बहुतेक नोकरी ड्रिल उस्ताद म्हणून गेली. म्हणजे रंगरुटांना चालायला शिकवायचं. चांगली विशी गाठलेली, दोन पाय असलेली पोरं यांच्याकडं यायची आणि हे त्यांना सांगायचे, तुला चालता येत नाही. सरहद्दही त्यांनी बघितली, नाही असं नाही. तिथं त्यांची एक ट्रंक हरवली, तेवढंच.

एक गोष्ट मात्र ते फार अभिमानानं सांगायचे. लांबची कूच झाली की ते सगळ्या पोरांना रांगेत बसवायचे, बूट-मोजे काढायला लावायचे आणि एकेकाचा तळवा हातात धरून बघायचे. "फोड लपवला की सजा! पलटन पायावर चालती, राजे, बंदुकीवर न्हाई." हे मी लग्न होऊन आल्यापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

हा असा तळवे तपासणारा माणूस. याचा पाय कसा गेला?

शिराळ्याला भाच्याचं लग्न होतं. मामाचा मान मोठा. मामांनी नवं पायताण घेतलं, जाड कातड्याचं, करकर वाजणारं. आमच्याकडं नवं पायताण चावतं. चावायलाच पाहिजे. आधी आठवडाभर तेल पाजायचं, मग घालायचं, मग लंगडत फिरायचं, आणि चारचौघांनी विचारलं की कौतुकानं सांगायचं, नवं हाय, चावतंय जरा. चावून चावून ते पायाला बसतं अशी रीत. मामा मात्र मांडवभर ताठ चालत होते. दिवसभर, वरातीतसुद्धा. आणि भेटेल त्याला सांगत होते, "आसलं पायताण जन्मात बगितलं न्हाई गड्या. चावतच न्हाई!"

चावत होतं हो. कडकडून चावत होतं. यांना कळत नव्हतं, एवढंच. कितीतरी वर्षांच्या मधुमेहानं पायातली जाणीव गेली होती. गोळ्या घ्यायच्या तर "मला काय धाड भरलीया?" म्हणून उडवून लावायचे. घरी आल्यावर पायताण काढलं तर आतून ते रक्तानं ओलं. सासूबाईंनी हळद भरली. मामांनी वर मोजा चढवला, कुणी बघू नये म्हणून. ज्या माणसानं फोड लपवला म्हणून पोरांना सजा दिल्या, त्यानं अख्खा अंगठा काळा पडेपर्यंत मोजा काढला नाही. मी वासावरून ओळखलं. तोवर उशीर झाला होता. मिरजेला नेलं, डॉक्टरांनी गुडघा वाचवला, खालचा पाय गेला.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि केळी. मधुमेहाच्या माणसाला! आल्यावर विचारायचे, "कसा काय गेला हो पाय?" आता सुभेदार माणूस काय सांगणार, पायताण चावलं म्हणून? पहिल्या आठवड्यात ते म्हणायचे, "आसतंय एकेकाचं." दुसऱ्या आठवड्यात, "जुनी जखम हुती." पुढं पुढं नुसते खिडकीतून उत्तरेकडं बघायचे आणि एक सुस्कारा सोडायचे. बाकीचं गावानं पूर्ण केलं.

गावानं म्हणजे मल्हारनं. हा आमच्या ग्रामपंचायतीचा सदस्य. याला कुणाच्याही बारशाचा, बाराव्याचा, बारावी पास झाल्याचा फ्लेक्स लावल्याशिवाय घास उतरत नाही. याच्या नेत्याच्या वाढदिवसाला वडूजला कृत्रिम पायांचं शिबिर भरलं. मल्हार मामांना जीपमध्ये घालून घेऊन गेला. मी चपात्या लाटत घरी. सांगलीच्या केंद्रातून मदिहा नावाची मुलगी आली होती, मिरजेची, पाय बनवायचं शिक्षण घेतलेली इंजिनिअर. तिनं मामांच्या पायाचं प्लास्टरमध्ये माप घेतलं आणि विचारलं, पाय कशानं गेला? मामांनी सुस्कारा सोडला. मल्हार म्हणाला, "सरहद्दीवर, मॅडम." तिनं ते खरं धरलं. धरणारच. मिशी तशी होती.

सव्वीस जानेवारीला पाय आला, शाल-श्रीफळासकट. चौकात फ्लेक्स लागला, "सीमेवर पाय गमावणारे वीर सुभेदार नाथाजी यांना मानाचा मुजरा". मामांचा फोटो एवढासा, नेत्याचा एवढा मोठा, आणि मल्हारचा दोन ठिकाणी. मदिहा जाताना सांगून गेली, रोज पाय घाला, आठवड्यातून एकदा सांगलीला सरावाला या, गुडघ्याखाली उशी ठेवू नका. हे सगळं ती मल्हारला सांगत होती आणि मल्हार तिच्या शेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता.

पाय घरी आला आणि थेट कपाटात गेला.

"घाला की मामा," मी म्हटलं.

"आगं, झिजंल. कार्यक्रमाला काढू."

कोणत्या कार्यक्रमाला? पाय म्हणजे काय पैठणी आहे? आमच्या घरात ही खोड पिढीजात आहे. नवा टॉवेल पाहुण्यांसाठी, नवं ताट दिवाळीसाठी, टीव्हीच्या रिमोटला अजून पिशवी. पण मला खरं कारण ठाऊक होतं. पाय घालायचा म्हणजे सांगलीला जायचं, दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहायचं, आणि एका कोवळ्या पोरीनं म्हणायचं, आजोबा, आता डावं पाऊल टाका. ज्यानं हजारो पोरांना "दाहिने देख" शिकवलं, त्यानं पडत-धडपडत, चार लोकांसमोर, पाऊल टाकायला शिकायचं. त्यापेक्षा कॉट बरी. कॉटवर माणूस वीर असतो.

आणि कॉटजवळ सासूबाई होत्याच. रंगूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. सेवा म्हणजे काय ते या बाईकडून शिकावं आणि नंतर विसरून जावं. दिवसभर त्या मामांच्या उरलेल्या पायाखाली उशी सारायच्या, मऊ कापसाची, अभ्रा रोज धुतलेला.

"आत्या, उशी नको," मी सांगायची. "गुडघा वाकलेला राहिला तर मागचे स्नायू आखडतात. मग तो सरळ होत नाही. सरळ झाला नाही तर पाय कसा बसवणार?"

"आगं, बरं वाटतंय त्यास्नी. लोंबकळत ठिवू व्हय?"

"बरं वाटतं हे खरं, पण..."

"तुज्या पुस्तकात माया लिवलीया का?"

झालं. माया आली की विज्ञान संपलं. मी उशी काढायची, त्या सारायच्या. मी रागानं ती माळ्यावर टाकली तर त्यांनी स्वतःच्या डोक्याखालची दिली आणि स्वतः हातावर डोकं ठेवून झोपल्या. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? शाळेतल्या सापळ्याचा गुडघा मी पोरांना वाकवून दाखवते आणि सरळ करून दाखवते. घरच्या गुडघ्याला मात्र मायेनं पुरता जेरबंद केला होता.

नवऱ्याला सांगून बघितलं. त्याचं नाव धैर्यशील. हे नाव ज्यानं ठेवलं त्याच्यावर खटला भरायला पाहिजे. खताच्या दुकानात गिऱ्हाइकावर ओरडतो, पण बापासमोर उभा राहिला की आवाज पोटात. "बघू की," म्हणाला. "आबांच्या मनात आलं की घालतील." आणि मोबाईल घेऊन आत गेला.

जून उजाडला. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी जेवताना सांगितलं, "उद्यापासून मी जाणार." पोरीचा राग आहे, उतरेल, असं सगळ्यांना वाटलं. सकाळी मी मामांना आवरून दिलं, पाण्याचा तांब्या कॉटजवळ ठेवला, साडीला पिना लावल्या आणि गाडी पकडली.

संध्याकाळी परत आले तेव्हा दार सताड उघडं. परसात गेले तर दोघं तिथंच मातीत बसलेली. मामांना जायचं होतं. आत्यांनी त्यांना उचलायचा प्रयत्न केला, निम्म्या वाटेवर दोघं कोसळली. हाका मारल्या, पण त्या दिवशी वडूजचा बाजार, अर्धं गाव तिकडं, आणि उरलेलं अर्धं मल्हारच्या कसल्याशा उद्घाटनाला. धोतर भिजलेलं होतं. माशा घोंगावत होत्या. आत्या पदरानं त्यांना वारा घालत होत्या आणि मामा मान खाली घालून बसलेले. कुंपणापलीकडं चौकातला फ्लेक्स दिसत होता, "मानाचा मुजरा".

मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, आधी भीतीनं, मग रागानं आणि मग नुसतंच. मी त्यांना धुतलं, पुसलं, कॉटवर नेलं. तेव्हासुद्धा माझ्या मनात आलंच, गेली नोकरी. उद्या सकाळी फोन करून कळवायचं, बाई येत नाहीत.

कॉटवर पडल्या पडल्या मामा म्हणाले, "राजे, कपाटाची किल्ली कुटं हाय?"

दुसऱ्याच दिवशी मल्हारची जीप मागवली आणि सांगलीला गेलो. मी शाळेत एका दिवसाची रजा सांगितली, तीही दबकत. मदिहानं मामांचा गुडघा हातात घेतला, हलक्यानं दाबून सरळ करून बघितला. तो बाक विसरायला तयार नव्हता.

"उशी ठेवत होतात ना?"

आत्यांनी पदर तोंडाला लावला.

तरी तिनं पाय चढवून बघितला, दांड्यांच्या मध्ये चार-पाच पावलं टाकून घेतली. मामा घामाघूम, पण मिशी ताठ. मग तिनं पाय उतरवला आणि उरलेल्या पायावरचा मोजा काढला. आत कातडी सोललेली होती, रक्त आलं होतं.

"आजोबा, हे दुखलं नाही?"

"फौजी माणूस हाय मी, पोरी. दुकत न्हाई आमाला."

मल्हारनं लगेच सूर लावला. "मॅडम, सरहद्दीवर तोफगोळा लागला तवासुद्धा आबांनी हूं का चूं..."

माझ्या डोक्याची शीर तडकली. "गप बस मल्हार! कसला तोफगोळा? पायताणानं गेलाय पाय. नवं पायताण चावलं, यांना कळलं नाही, आणि वर चावत न्हाई, चावत न्हाई म्हणून अख्ख्या मांडवात मिरवत होते. साखर आहे यांना, कितीतरी वर्षांची!"

पलीकडं हाताचा व्यायाम करणारा एक माणूस हसला आणि मग घाईनं खोकला. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की वाटलं आता मला परेडवरून हाकलणार.

मदिहाला राग आला होता, तो तिनं लपवला नाही. "हे आधी सांगायला काय झालं होतं? अपघातात गेलेल्या पायाला वाटी बोचली तर दुखतं, माणूस लगेच ओरडतो. साखरेच्या पायाला बोचलेलं कळतच नाही. मी त्याच समजुतीनं ही वाटी कडक बनवली. तुम्ही कपाटात ठेवलात म्हणून वाचलात. रोज घालून हिंडला असतात तर गुडघाही गेला असता." मग मामांच्या समोर बसून म्हणाली, "तुमचं दुखणं संपलेलं नाही, आजोबा. दुखण्याची बातमी यायची बंद झालीय. आता डोळ्यांनी बघायचं. रोज सकाळी, आरसा घेऊन, हा पाय आणि तो उजवाही. फोड, चीर, लाली, काहीही."

म्हणजे मामांच्या खोटेपणामुळं पाय चुकला होता, आणि मामांच्या खोडीमुळं गुडघा वाचला होता. आमच्या घरात अक्कल कधी एका बाजूनं येत नाही.

मामांनी उजवा तळवा वळवून बघितला. मग हळूच म्हणाले, "तळवा बगायचा... म्या शिकवलंय की हे. पोरास्नी."

त्यानंतरचे दिवस लय करमणुकीचे गेले. करमणूक माझी, हाल त्यांचे. मदिहानं रोज पालथं झोपायला सांगितलं, गुडघा सरळ व्हावा म्हणून. आत्या म्हणाल्या, "पालथं? आवं, ही काय तान्हं बाळ हाय का?" उशी पेटीत कुलूपबंद झाली आणि किल्ली माझ्या मंगळसूत्राला. नवी वाटी आली, आत मऊ अस्तराची. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी त्यांना सांगलीला नेऊ लागले, उरलेले दिवस ते घरीच दोन खाटा समांतर उभ्या करून त्यांच्या मध्ये चालू लागले. धैर्यशीलनं खाटा धरून ठेवायच्या. बाप चालतोय आणि पोरगा खाट धरून उभा, हे त्या घरातलं पहिलं एकत्र काम.

मामांनी एक मात्र केलं. मदिहानं "डावं टाका" म्हटलं की ते हलायचे नाहीत. स्वतःच स्वतःला हुकूम सोडायचे. "बाएं मुड! कदम ताल! आरं नालायका, टाच टेक!" आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. स्वतःला त्यांनी शेलक्या शिव्या घातल्या. मी स्वयंपाकघरात ऐकत भाकरी थापायची आणि मनात म्हणायची, घाला मामा, आणखी दोन घाला, माझ्याकडूनही.

मी शाळेत जात राहिले. संडासाच्या वाटेला धैर्यशीलनं दांडा बसवला. त्यालाही धीर आला होता थोडा.

पंधरा ऑगस्ट आला. ग्रामपंचायतीसमोर झेंडा फडकवायचा मान मामांना. मल्हारनं लाज सोडून तोच फ्लेक्स पुन्हा लावला, फक्त स्वतःचा फोटो बदलून. मामा इस्त्रीच्या कपड्यांत, टोपीत, काठी टेकत चालत आले. डुगडुगत, पण आपल्या पायानं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी झेंडा फडकवला, सलाम ठोकला. मग मल्हारनं माईक दिला, "आबा, सीमेवरचा तो थरारक प्रसंग..."

मामांनी काखेतल्या पिशवीत हात घातला आणि पायताण काढलं. तेच, डावं. आमच्या घरात नवं वापरत नाहीत, तसं जुनं टाकतही नाहीत. आतलं कातडं अजून काळं होतं.

"ह्यो बगा दुश्मन," ते म्हणाले. "सरहद्द-बिरहद्द कायबी न्हाई. शिराळ्याच्या लग्नात ह्यानं माजा पाय खाल्ला, अन् म्या सगळ्यास्नी सांगत फिरलो, चावत न्हाई म्हणून. साखर हाय मला. गोळ्या खाल्ल्या न्हाईत. मोजा घालून लपवला. पोरास्नी सजा दिली त्याच गुन्ह्याची." मग आवाज चढला. "आता पयल्या रांगेतल्यांनी पायताणं काढा. तळवं वर! म्या बगणार!"

पहिल्या रांगेत सगळी मोठी धेंडं. कुणी फोन आल्याचं निमित्त काढलं, कुणी पाय खुर्चीखाली ओढले, सरपंचांना अचानक तहान लागली. पोरं खिदळली. मल्हार फ्लेक्सच्या मागं गेला, पुढं त्याचे दोन फोटो होते, मागं तिसरा तो. मला मामांचा अभिमान वाटला. उघड सांगते, पहिल्यांदाच वाटला.

घरी आलो. मामा कॉटवर बसले, खुशीत मिशीवर हात फिरवला आणि सवयीनं ओरडले, "रंगे, पाणी आण गं!"

आत्या माठाकडून तांब्या घेऊन आल्या. मामा त्यांच्याकडं बघत होते. तोंडाकडं नाही, पायांकडं. दोन महिने स्वतःचा तळवा आणि स्वतःची चाल तपासून त्यांची नजर पुन्हा जुनी झाली होती. हजारो पोरांच्या चालीतली खोट त्या नजरेनं लांबून ओळखली होती. बायकोची चाल उभ्या संसारात बघितली नव्हती.

"थांब," ते म्हणाले. "उजवी टाच का टेकत न्हाईस?"

"कुटं काय? पाणी घ्या."

"रंगे, बस हितं. पाय दाव."

"आवं, सुनंसमूर काय हे..."

"बस म्हन्तो न्हवं!"

आत्या बसल्या. मामांनी त्यांचा पाय मांडीवर घेतला, कापलेल्या पायाच्याच मांडीवर, आणि तळवा उजेडाकडं केला. भेगांनी भरलेला तळवा. टाचेपाशी एक काळा ठिपका, भोवती सूज, दाबल्यावर पू. आत बाभळीचा काटा मोडलेला, कधीचा कुणास ठाऊक. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या घरात एकाच माणसाचे पाय बघितले होते. आत्यांची साखर तर कधी कुणी तपासलीच नव्हती.

"दुकतंय का?" मामांनी विचारलं.

"छ्या. काय बी दुकत न्हाई," आत्या हसून म्हणाल्या.

मामांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या दोघांनाही त्या वाक्याचा अर्थ माहीत होता. आत्यांना नव्हता, त्या अजून हसत होत्या.

मी हात धुतले, जखम धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. काटा घरी काढायचा नाही, उद्या सकाळी मिरजेला न्यायचं, टाच टेकवायची नाही, हे सगळं मी सांगितलं. धैर्यशीलनं घसा खाकरला. माझ्याकडं बघितलं. आत्यांनीही बघितलं, खाली मान घालून, चोरट्यासारखं. मला ती नजर ओळखीची होती. दिवाळीत असंच सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं होतं.

"राजे," धैर्यशील म्हणाला, "शाळेत पुन्हा रजा मिळंल का गं? म्हंजे आईला उठवा-बसवायला कुणीतरी..."

"ए धैर्या!" मामांचा आवाज असा फुटला, की कपाटाची काच थरथरली. "तिची रजा कशाला? म्या काय मेलोय?"

"आबा, पण तुमी..."

"म्या काय? दोन पाय हायत मला. एक जलमाचा, एक सांगलीचा. उद्या म्या नेतो हिला मिरजेला. तू गाडी बग. आन् पोरगी शाळंत जाईल."

मग ते उठले. काठी घेतली, जखम धुताना रिकामा झालेला तांब्या उचलला, आणि डुगडुगत माठाकडं गेले. अर्धं पाणी वाटेत सांडलं. परत येऊन त्यांनी तांब्या आत्यांच्या हातात दिला. आत्यांना तो घ्यायचा कसा हेच कळेना. त्या घरात पुरुषानं बायकोला पाणी आणून दिलेलं त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मीही नव्हतं. एका माणसाला माठापर्यंत चालायला शिकवायचं, तर फौज पुरली नाही, संसार पुरला नाही, पाय कापावा लागला.

आत्या पाणी प्यायल्या आणि रडायला लागल्या. मी पेटी उघडून ती उशी काढली आणि त्यांच्या डोक्याखाली दिली.

सकाळी ती दोघं मिरजेच्या गाडीत बसली, आणि मी शाळेत गेले.